अपूर्णांक आधी दिसला पाहिजे

गणिताच्या पुस्तकात अपूर्णांकांचे प्रकरण आले की वर्गाचा चेहरा बदलतो, हे शिक्षकांस नव्याने सांगावयास नको. तोवर बेरीज-वजाबाकीत आघाडीवर असलेली मुले एकाएकी अडखळू लागतात. तीस-तीसचे पाढे घडाघडा म्हणणारा विद्यार्थी १/२ आणि १/३ यांची बेरीज २/५ अशी निःशंकपणे मांडून मोकळा होतो. चार वेळा वहीवर लाल शाईची फुली पडली म्हणजे ‘गणित आपल्या नशिबी नाही’ असा जो ग्रह त्याच्या मनात बसतो, तो पुढे गुणोत्तर, शेकडेवारी, व्याज आणि बीजगणित अशा प्रत्येक दाराशी त्याची वाट अडवून उभा राहतो. पालक म्हणतात, मुलाचे लक्ष नाही. शिक्षक म्हणतात, पाया कच्चा आहे. आमचे मत असे की, जी वस्तू मुलाने कधी नीट पाहिलीच नाही, तिच्यावर क्रिया करावयास आपण त्याला लावतो. सारी अडचण येथे आहे.

हे २/५ उत्तर घ्या. ते चुकीचे आहे हे समजण्यासाठी लसावि काढण्याची गरज नाही. दहा रुपयांचा अर्धा भाग पाच रुपये. दहा रुपयांचे २/५ म्हणजे चार रुपये. अर्ध्यात आणखी काही मिळविले आणि उत्तर अर्ध्याहून कमी आले! ज्या मुलाला १/२ हे दोन अंकांचे जोडपे न वाटता एक विशिष्ट आकाराचा भाग वाटतो, त्याचा हात हे उत्तर लिहिताना आपोआप थबकेल. ज्याला वर एक अंक, खाली एक अंक आणि मध्ये रेघ एवढेच दिसते, त्याने वरचे अंक वर मिळवावे आणि खालचे खाली मिळवावे यात नवल ते काय?

ही अडचण आपल्याच मुलांची आहे असेही नाही. १९७८ साली अमेरिकेतील राष्ट्रीय शैक्षणिक पाहणीत तेरा वर्षांच्या मुलांना १२/१३ आणि ७/८ यांची बेरीज अंदाजे किती, असे विचारले होते. १, २, १९ आणि २१ असे पर्याय दिले होते. दोन्ही अपूर्णांक एकाच्या अगदी जवळचे आहेत, तेव्हा उत्तर २ च्या आसपास येणार, हे पाहावयास कागद-पेन्सिलही नको. पण ‘२’ हे उत्तर निवडणारी मुले शेकडा २४ निघाली. १९ किंवा २१ निवडणारी मुले निम्म्याहून अधिक होती; म्हणजे त्यांनी अंशांची किंवा छेदांची बेरीज केली आणि समाधान मानले. साधनसंपन्न देशातल्या शाळांतही अपूर्णांक न दिसणारी मुले अशी संख्येने अधिकच होती.

आता आपल्या घराकडे वळू. अपूर्णांक डोळ्यांसमोर उभा करण्याची जी सोय मराठी भाषेने करून ठेविली आहे, ती फार थोड्या भाषांत असेल. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, साडेतीन: या प्रत्येक शब्दात एक लहानसे चित्र आहे. पाव हा संस्कृत ‘पाद’ शब्दापासून आला. पाद म्हणजे पाय. चार पायांवर उभ्या असलेल्या जनावराचा एक पाय म्हणजे चौथा हिस्सा. पाऊण म्हणजे पादोन, पावाने उणे. सव्वा म्हणजे सपाद, पावासह. अडीच म्हणजे अर्धतृतीय, ज्यातला तिसरा अर्धाच आहे असे. आणि जुन्या पाढ्यांतला औट म्हणजे अर्धचतुर्थ, साडेतीन. कोणी पावणेदहा वाजले असे म्हणतो तेव्हा तो दहाच्या घरापाशी उभा राहून, एक पाव पाऊल मागे आहोत असे सांगत असतो.

आमच्या बेळगावच्या मुलांना तर याहून एक मौज सहज दिसण्याजोगी आहे. घरात मराठी आणि बाजारात कन्नड अशा दोन्ही भाषा त्यांच्या कानी पडतात. कन्नडमध्ये पावाला ‘कालु’ म्हणतात, आणि ‘कालु’ म्हणजेही पायच! दोन निराळ्या भाषाकुळांनी चौथ्या हिश्शासाठी पायाचीच खूण धरली. पण पाऊण सांगताना मात्र त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. मराठी म्हणते, एकात पाव उणे. कन्नड म्हणते ‘मुक्कालु’, म्हणजे तीन पाव. एकीने पूर्ण भाकरीकडे पाहून गेलेला तुकडा मोजला, दुसरीने ताटात उरलेले तुकडे मोजले. १ वजा १/४ आणि १/४ चे तिप्पट ही एकच रक्कम आहे, हे सिद्ध करावयास फळ्यावर पाच ओळी लागतात. रविवार पेठेत धान्य घेणाऱ्या माणसाला ते दोन शब्दांत ठाऊक असते. हे उदाहरण वर्गात सांगावयास कोणत्या खर्चिक साधनाची गरज आहे बरे?

लिहिण्याची जुनी रीतही अशीच डोळस होती. मोडी दप्तरांत पाव दाखविण्यासाठी एक उभी रेघ (।), अर्ध्यासाठी दोन (॥) आणि पाऊणसाठी तीन (॥।) काढीत. दीड लिहावयाचा तर १॥, पावणेदोन लिहावयाचे तर १॥।. आण्यांसाठी वेगळ्या लहान रेघा होत्या. म्हणजे ते लिखाण हेच एक चित्र होते; जितके पाव तितक्या रेघा. १॥ आणि १॥। यांत मोठे कोणते, असे विचारले तर न शिकलेला मनुष्यही बोट ठेवील. आजची अंश-छेदाची रीत अधिक सामर्थ्यवान आहे यात शंका नाही, कारण त्या रेघांनी सातवा किंवा अकरावा भाग लिहिता येत नसे. परंतु सामर्थ्य वाढले तसा तिच्यातला देखावा नाहीसा झाला, आणि तो देखावा परत आणून देण्याचे काम आता शिक्षकाच्या अंगावर येऊन पडले आहे.

मापांचेही तेच. दोन कोळवी म्हणजे एक चिपटे, दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेरांची पायली. ही मापे कोनाड्यात एका ओळीने मांडलेली असत. ज्या मुलाने चिपट्याने शेर भरला, त्याला १/४ चार वेळा घेतले की १ होतो हे कोणी शिकविले? जोंधळ्याने शिकविले! रुपयाचे चौसष्ट पैसे होते तेव्हा चवली, पावली आणि अधेली ही नाणी मुलांच्या मुठीत असत. त्यांत पावली आणि अधेली ही तर नावानेच अपूर्णांक होती. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले, त्या सुमारास वजने-मापेही दशमान झाली, आणि ३० जून २०११ नंतर पंचवीस पैशांचे नाणेही चलनातून गेले. या बदलांबद्दल आमची मुळीच तक्रार नाही. हिशेब सोपे झाले, व्यवहार सुरळीत झाले. पण अपूर्णांक शिकविणाऱ्या घरगुती पंतोजींचा एक सबंध ताफा त्याबरोबर निवृत्त झाला, आणि त्यांच्या जागी कोणाची नेमणूक करावयाची याचा विचार मात्र झाला नाही. दुधाची पिशवी आता ५०० मिलिलिटरची येते. तीवर ‘अर्धा लिटर’ असे आपण म्हणतो तेव्हा मुलाला ‘अर्धा’ हा शब्द ५०० या आकड्याचे टोपणनाव वाटू लागतो.

यावर कोणी म्हणेल, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे पाढे पुन्हा सुरू करा. त्या पाढ्यांविषयी आम्हांस आदर आहे. दिडकी पाठ असलेला वाणी गिऱ्हाईकाची पिशवी भरण्यापूर्वी हिशेब सांगत असे. तथापि हे पाढे ज्या मुलांना पाठ होते, त्यांच्या हातांत मापटे आणि पावली होती, ही गोष्ट विसरून चालणार नाही. पाठांतराने गती येते. पण अर्थ मापट्यातून आला होता. नुसते पाठांतर उचलून आजच्या वर्गात आणले तर एका न समजलेल्या गोष्टीत दुसरीची भर पडेल, इतकेच.

तर मग दाखवावयाचे काय आणि कसे?

भाकरी ही पहिली. अर्धी भाकरी, चतकोर भाकरी हे शब्द मुलाच्या जिभेवर आहेतच. वर्तुळाचा मोठा गुण असा की त्यात पूर्ण म्हणजे किती हे कधी लपत नाही. एक तुकडा नाहीसा झाला तरी रिकामी जागा सांगते की येथे काही होते. घड्याळाची तबकडीही अशीच. पाव तास, अर्धा तास, पाऊण तास हे काटा फिरताना दिसतात. ज्या घरांत आकडे दाखविणारीच घड्याळे आहेत त्यांनी एक काट्यांचे घड्याळ मुलांच्या अभ्यासाच्या खोलीत अवश्य लावावे, अशी आमची पालकांस विनंती आहे.

पण वर्तुळाने फार काळ काम भागत नाही. भाकरीचे पाच सारखे भाग करून पाहा म्हणजे समजेल. सात तर सुगरणीलाही जमावयाचे नाहीत. येथे कागदाची पट्टी उपयोगी पडते. तिला मध्ये दुमडली की अर्धे, पुन्हा दुमडली की पाव, आणखी एकदा दुमडली की अष्टमांश. आंतरदेशीय पत्राची जशी तीन पदरी घडी असते तशी घातली की तृतीयांश. आता तीन पदरी पट्टी पुन्हा मध्ये दुमडून उलगडली तर सहा भाग दिसतात; आणि मुलाच्या लक्षात येते की एक तृतीयांश म्हणजेच दोन षष्ठांश. समच्छेद करणे म्हणतात ते हेच! पट्टी तीच, तिची लांबी तीच, घड्या मात्र वाढल्या. ‘अंश व छेद यांना एकाच संख्येने गुणिले असता अपूर्णांकाची किंमत बदलत नाही’ हे वाक्य पाठ करावयास लावण्यापूर्वी प्रत्येक मुलाने ही घडी स्वतःच्या हाताने घातली पाहिजे.

आपल्याकडे मांडे करणाऱ्या बायका मांडा गरम असतानाच त्याची घडी घालतात, कारण निवल्यावर तो कडक होतो. घडीतला मांडा ताटात लहान दिसला तरी तो सबंध मांडा असतो, हे सांगावयास मुलांना गणित लागत नाही. कागदाचा मांडा करून हीच गोष्ट वर्गात आणावी.

तिसरे चित्र ताटातल्या वड्यांचे. चौकोनी ताटात वड्या थापून उभ्या-आडव्या सुऱ्या मारल्या की अपूर्णांकांचा गुणाकार समोर दिसतो. ताटाचे पाऊण घ्यावयाचे, म्हणजे चार उभ्या ओळींपैकी तीन. त्यांचे दोन तृतीयांश घ्यावयाचे, म्हणजे तीन आडव्या ओळींपैकी दोन. सगळ्या वड्या बारा, आपल्या वाट्याच्या सहा. म्हणजे अर्धे ताट. तीन-चारांचे दोन-तीन हे १/२ कसे होते, ते छेदाला छेदाने आणि अंशाला अंशाने गुणण्यापूर्वीच दिसून गेले. मात्र ताट गोल असले आणि वड्या शंकरपाळ्यांसारख्या तिरप्या पाडल्या, तर कडेचे तुकडे वेडेवाकडे होतात. असे ताट आम्ही मुद्दाम दाखवावे या मताचे आहोत. ‘यात तीस तुकडे आहेत, म्हणून प्रत्येक तुकडा तिसावा भाग’ असे कोणी म्हणाले तर धाकटी भावंडेच ओरडून सांगतील की कडेचा तुकडा आम्ही घेणार नाही! भाग सारखे असल्याखेरीज अपूर्णांकाला नाव देता येत नाही, हा नियम मुलांना न्यायबुद्धीनेच कळतो.

चौथे साधन सुताराची पट्टी. आमच्याकडील सुतार आजही इंचाचे आठ सूत धरतात; ‘दोन इंच तीन सूत’ म्हणजे २ ३/८. या पट्टीचा विशेष असा की तीवर अपूर्णांक हा तुकडा राहत नाही, तो एक ठिकाण होतो. शून्यापासून इतके दूर गेले की तीन-अष्टमांश; आणखी एक सूत पुढे गेले की अर्धा. पूर्णांकांच्या मधल्या जागेत अपूर्णांक राहतात, ते पूर्णांकांचेच भाऊबंद आहेत, हे भाकरीवरून कळत नाही. भाकरी पाहून शिकलेला मुलगा ५/४ या अपूर्णांकाने गोंधळतो. एका भाकरीचे चार तुकडे, त्यांतले पाच कसे घ्यावयाचे? पट्टीवर मात्र एकाच्या पुढे पाव जावयाचे, की सव्वा आला.

येथवर वाचून कोणास वाटेल की चित्रे दाखविली म्हणजे झाले. आमचे तसे म्हणणे नाही. चित्रसुद्धा फसविते, आणि कसे फसविते ते शिक्षकांनी ओळखून असले पाहिजे. क्रिकेटचे उदाहरण घेऊ. एका फलंदाजाने पहिल्या दोन चेंडूंपैकी एकावर चौकार मारला आणि पुढच्या तीन चेंडूंपैकी एकावर मारला. म्हणजे पाच चेंडूंपैकी दोनांवर चौकार गेले. दोनात एक आणि तीनात एक मिळून पाचात दोन! येथे २/५ अगदी बरोबर आहे, आणि ज्या मुलाच्या डोळ्यांसमोर चेंडू किंवा गोट्या आहेत त्याने १/२ आणि १/३ यांची बेरीज २/५ केली तर तो मूर्ख ठरत नाही. त्याने दोन निराळे गट एकत्र केले. त्याचे ‘पूर्ण’ दर वेळी बदलले, आधी दोन, मग तीन, मग पाच. बेरीज करताना पूर्ण एकच धरावयाचे असते, ही गोष्ट त्याला कोणी सांगितली नाही. म्हणून कोणत्याही चित्रापुढे पहिला प्रश्न विचारावा तो हा की, कशाचा अर्धा? लहान भाकरीचा अर्धा भाग मोठ्या भाकरीच्या चतकोरापेक्षा लहान असू शकतो. हा एक प्रश्न रोज विचारला तर अर्धी लढाई जिंकली, आणि हा ‘अर्धी’ कशाचा ते वाचकांनी ठरवावे.

चित्रांचा दुसरा दोष पाठ्यपुस्तकांतून येतो. आयते वर्तुळ, आयते चार भाग, त्यांतले तीन आयते रंगविलेले, आणि खाली प्रश्न: रंगविलेला भाग किती? मूल रंगीत घरे मोजून वर ३ लिहिते, सगळी घरे मोजून खाली ४ लिहिते, आणि गुण मिळविते. यात त्याने दोनदा मोजण्यापलीकडे काय केले? अशा वीस आकृत्या सोडविलेला विद्यार्थी रिकाम्या पट्टीवर ३/४ कोठे येईल हे अंदाजाने दाखवू शकेलच असे नाही. म्हणून आमचा आग्रह असा की आकृती मुलाने काढावी, भाग मुलाने पाडावे, आणि तेच उदाहरण निदान दोन निरनिराळ्या साधनांनी करून दाखवावे. भाकरीवर केलेले पट्टीवर आणि पट्टीवर केलेले ताटात. एकाच चित्राशी बांधलेले ज्ञान त्या चित्राबरोबरच विसरले जाते.

वेळ कोठून आणावयाचा, असे आमचे काही सहकारी विचारतात. अभ्यासक्रम पुरा करावयाचा आहे, परीक्षा तोंडावर आहे. कागद दुमडत बसलो तर दशांश अपूर्णांक राहून जातील. अडचण खरी आहे. पण पाचवीत वाचविलेले आठ तास सहावीत, सातवीत आणि आठवीत पुन्हा पुन्हा तेच समजावून सांगण्यात जातात, आणि तरीही दहावीच्या उत्तरपत्रिकांत २/५ भेटतोच. कोणता व्यवहार स्वस्त, याचा हिशेब गणिताच्या शिक्षकांनी तरी चुकवू नये.

दुसरा आक्षेप पालकांकडून येतो. चित्रे, घड्या, भाकऱ्या हे बालवाडीत ठीक. मोठ्या मुलांना रीत शिकवा. रीतीचे महत्त्व आम्ही जाणतो. अपूर्णांकाने भागताना भाजकाचा अंश आणि छेद उलटा करून गुणावे, ही रीत भास्कराचार्यांनी ११५० साली, म्हणजे शके १०७२ मध्ये, लीलावतीत दिली आहे. ती आजही तशीच शिकविली जाते. पण त्याच लीलावतीत एका कंजूष माणसाचे गमतीचे उदाहरण आहे. त्याने भिकाऱ्याला एका द्रम्माच्या अर्ध्याचे दोन तृतीयांश, त्याचे तीन चतुर्थांश, त्याचा पंचमांश, त्याचा षोडशांश आणि त्याचा चतुर्थांश दिला. तर दिले किती? मुलांनो, पट्टी घेऊन सुरुवात करून पाहा. अर्ध्याचे दोन तृतीयांश म्हणजे एक तृतीयांश. त्याचे पाऊण म्हणजे एक चतुर्थांश. पुढे त्याचे पाच भाग, मग सोळा, मग चार, उत्तर १/१२८०. लीलावतीच्या कोष्टकात वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिण्यांचा एक पण आणि सोळा पणांचा एक द्रम्म. म्हणजे द्रम्माच्या १२८० कवड्या. त्या महात्म्याने एक कवडी दिली! केवळ रीत शिकवावयाची असती तर आचार्यांना कंजुषाची काय गरज होती?

भागाकाराचीही उलटापालट अशीच पाहून पटते. ३ ला १/४ ने भागावयाचे म्हणजे तीन शेरांत किती चिपटी बसतात ते पाहावयाचे. एका शेरात चार, तेव्हा तिनांत बारा. म्हणूनच चाराने गुणावयाचे. आणि ३/४ ला १/२ ने भागले तर? पाऊण शेरात मापटे किती वेळा बसेल? एकदा पुरे, आणि उरलेल्या पावात अर्धे मापटे. उत्तर दीड. भागाकार करून उत्तर मूळ संख्येहून मोठे कसे आले, म्हणून जी मुले घाबरतात त्यांची भीती येथे जाते.

या कामाला पैसा लागतो, हा समज मात्र काढून टाकावा. बेल्जममधील जॉर्ज क्वीझनेर या शिक्षकाने रंगीत लाकडी कांड्यांनी संख्या शिकविण्याची पद्धत १९५२ साली पुस्तकरूपाने मांडली. सिंगापूरच्या शाळांत १९८० नंतरच्या दशकात लांबट पट्ट्यांची आकृती काढून उदाहरणे सोडविण्याची रीत रूढ झाली आणि ती जगभर गेली. दोहोंच्या मुळाशी लांबीच आहे, कागदाच्या पट्टीत असते तीच. आणि आपल्या ताराबाई मोडकांनी व अनुताई वाघांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात बालशिक्षणाचे काम केले, ते आसपास सापडणाऱ्या साध्या वस्तूंना शिक्षणाचे साहित्य बनवूनच. जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या, दोरी, चिंचोके आणि एक वाटी एवढ्यावर पाचवीचे सबंध प्रकरण शिकविता येते.

आम्हांस या प्रश्नाची विशेष काळजी वाटते तिला आणखी एक कारण आहे. मराठी माध्यमात घातलेल्या मुलाचे पुढे कसे होईल, ही चिंता आमच्या भागातील पालकांच्या मनात सदैव असते. महाविद्यालयात गेल्यावर अंश-छेदाला न्यूमरेटर-डिनॉमिनेटर म्हणावे लागेल, हे खरे. म्हणून काही घरांत आतापासूनच दीडला ‘वन पॉइंट फाइव्ह’ म्हणावयास शिकवितात. आम्ही त्यांस नम्रपणे सांगू इच्छितो की शब्द बदलावयास एक आठवडा पुरतो. ज्याने पाऊण म्हणजे काय ते पाहिले आहे, तो त्याला मुक्कालु म्हणेल, थ्री-फोर्थ म्हणेल, शून्य दशांश चिन्ह सात पाच म्हणेल. ज्याने पाहिलेच नाही, त्याला तिन्ही भाषांतून एकच अंधार दिसेल. आणि पाहावयास घरातल्या भाषेइतकी उजेडाची खिडकी दुसरी नाही. चतकोर या शब्दाबरोबर आजीच्या हातची भाकरी येते; ‘वन पॉइंट फाइव्ह’बरोबर काय येते?

आता एक उदाहरण विद्यार्थ्यांसाठी. पाच भाकऱ्या सहा जणांना सारख्या वाटावयाच्या आहेत. तीन भाकऱ्यांचे अर्धे-अर्धे केले तर सहा अर्ध्या होतात, प्रत्येकाला एक. उरलेल्या दोन भाकऱ्यांचे तीन-तीन भाग केले तर सहा तुकडे होतात. पुन्हा प्रत्येकाला एक. म्हणजे प्रत्येकाच्या ताटात १/२ आणि १/३ पडले, आणि पाच भाकऱ्या सहा जणांत गेल्या, तेव्हा त्यांची बेरीज ५/६. तो २/५ कोठे राहिला पाहा!

अशी वाटणी फार जुनी आहे. ईजिप्तमध्ये इसवी सनापूर्वी सुमारे १५५० च्या सुमारास लिहिलेला एक पपायरस सापडला आहे. तो ऱ्हाइंड पपायरस या नावाने ओळखला जातो. त्याच्या आरंभीच्या उदाहरणांत दहा माणसांना भाकरी वाटण्याचाच विषय आहे. सात भाकऱ्या दहा जणांना देताना तो लेखक प्रत्येकास २/३ आणि १/३० देतो. आपल्या रीतीने पाच भाकऱ्यांचे दहा अर्धे करावे, उरलेल्या दोहोंचे पाच-पाच भाग करावे, म्हणजे प्रत्येकास १/२ आणि १/५ येतात. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत की नाहीत ते पट्टी दुमडून पाहावे. आणि सुरी हातात घेऊन सात भाकऱ्या खरोखरच कापावयाच्या असतील तर तुम्ही कोणती रीत घ्याल, व का, ते गणिताच्या तासाला सांगावे.